ब्रँच कव्हरेज १०० टक्के, म्हणजे टेस्ट संपल्या?

रात्रपाळी: कालच्या पोस्टमध्ये एकाने ठणकावून लिहिलंय की ब्रँच कव्हरेज (कोडमधल्या प्रत्येक इफच्या, म्हणजे अटीच्या, हो-नाही दोन्ही वाटा टेस्टमध्ये चालल्या का याचं माप) पूर्ण झालं की पुरे, एमसी-डीसी (इफमधली प्रत्येक अट एकटीने निकाल पालटते का, ही तपासणी) विमानवाल्यांनी करावं. ही अट बघा: (वय बसतं आणि पगार बसतो) किंवा हमीदार आहे. दोन टेस्ट लिहा. एकीत वय-पगार बसतात, हमीदार नाही. दुसरीत तिन्ही नाही. इफच्या दोन्ही वाटा झाल्या, रिपोर्ट हिरवा. आता ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ टाका. तरी दोन्ही पास! आमच्याकडे हेच झालं. पगार न बसणाऱ्यांचे अर्ज मंजूर होत राहिले आणि रात्री दोनला फोन मला आला.

जावावाला: तीन अटींना ठीक. आमच्या प्रीमियमच्या एका इफमध्ये अकरा आहेत. सगळ्या जुळण्यांच्या २०४८ टेस्ट तुम्ही येऊन लिहिणार का?

रात्रपाळी: २०४८ कोणी मागितल्या? एमसी-डीसीत बाकीच्या तशाच ठेवून एकच अट पालटली की निकाल पालटतो, एवढं प्रत्येकीसाठी दाखवायचं. तीन अटींना चार टेस्ट, अकराला बारापासून सुरुवात. विमानातल्या सगळ्यात गंभीर सॉफ्टवेअरला, म्हणजे लेव्हल ए-ला, डीओ-१७८बी या नियमावलीने हे १९९२मध्येच मागितलं, तिच्या जागी आलेली डीओ-१७८सीही मागते. आणि तुमच्या फोनमधला एसक्यूलाइट हा डेटाबेस? त्याच्या गाभ्यावरही १०० टक्के एमसी-डीसी आहे.

टेस्टरताई: अटी कसल्या मोजताय! आमच्याकडे कव्हरेजचा ८० टक्क्यांचा आकडा गाठायला टेस्टमधून फंक्शन नुसतं बोलावतात. असर्ट, म्हणजे उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं का ते तपासणारी ओळ, एकही नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘क्लायंट रिपोर्ट बघतो, कोड नाही.’

जावावाला: रिलीजच्या आदल्या दिवशी टेस्ट लिहायला सांगितल्या की असंच होणार. आम्ही त्या फ्रेशरकडे देतो.

टेस्टरताई: हीच ती वृत्ती! ज्याला पॉलिसीचा नियम माहीत नाही, तो असर्टमध्ये काय लिहिणार? कोड जे देतो तेच उत्तर चिकटवतो. आमच्या एका मुलाने चुकीचा हप्ताच ‘अपेक्षित’ म्हणून लिहिला होता. दोन वर्षं ती टेस्ट पास होत होती. यात त्या मुलाचा काय दोष?

जावावाला: माझ्यावर कशाला चिडताय, वेळापत्रक मी ठरवत नाही. मूळ मुद्द्यावर या. एरियन ५, ४ जून १९९६. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि रॉकेट फुटलं. तिथे तपासणीची अट लिहिलेलीच नव्हती. नसलेल्या अटीला तुमचं एमसी-डीसी काय करणार?

रात्रपाळी: काही नाही करणार. मान्य. पण माझी अट लिहिलेली होती, आणि तिसऱ्या टेस्टमध्ये सापडली असती: वय बसतं, पगार नाही, हमीदार नाही.

जावावाला: बरं, ते अकराचं इफ फोडतो. बारा टेस्टचे दिवस एस्टिमेटमध्ये मात्र मिळाले पाहिजेत.

टेस्टरताई: आणि असर्ट नियम वाचून लिहा, कोड बघून नाही.