प्रति: समितीत दोन तरुण घेतले की झालं?

वर म्हटलंय की आराखडा ठरवणाऱ्या समितीत दोन तरुण घेतले की तरुणांचा सहभाग झाला. नाही हो! मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांच्या 1992 च्या आठ पायऱ्यांच्या ‘सहभागाच्या शिडीत’ अशी नावापुरती हजेरी खालून तिसऱ्या पायरीवर येते, आणि खालच्या तीन पायऱ्या सहभागात धरतच नाहीत.

घोळ होतो तो वेळेचा. आराखड्याचा मसुदा पक्का झाल्यावर तरुणांना बोलावलं तर सुधारायला उरतात फक्त शुद्धलेखनाच्या चुका. उदाहरणार्थ, उष्णतेच्या लाटेसाठीच्या आराखड्यात अनेकदा ‘शाळांनी दक्षता घ्यावी’ एवढंच असतं. मैदानावरचा तास किती तापमानाला बंद, ते कोण ठरवणार, हे विद्यार्थीच विचारतील. म्हणून कच्च्या मसुद्यालाच बोलवा. कागदपत्रं सोप्या भाषेत, दोन आठवडे आधी. प्रवासखर्च आगाऊ (नंतर परतावा म्हणजे गरीब मुलं आपोआप बाद). परीक्षेच्या दिवसांत बैठक नको. आणि कुठली सूचना का नाकारली, ते लेखी कळवा.