ओलेग ब्लोखिन: विक्रमी आघाडीपटूचा संघ इतका सावध का खेळला?

डावी_बगल यांचा प्रश्न:
फुटबॉलमध्ये सोव्हिएत युनियनतर्फे ११२ सामन्यांत ४२ गोल आणि तिथल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत २११ गोल, हे दोन्ही विक्रम ब्लोखिन यांच्या नावावर आहेत. तो देशच उरला नसल्याने ते आता कोणी मोडूही शकणार नाही. १९७५ च्या युरोपीय सुपर कपमध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध दोन सामन्यांत मिळून त्यांच्या डायनॅमो कीव्ह क्लबने केलेले तिन्ही गोल त्यांचेच होते आणि त्याच वर्षी बेकेनबाउअर व क्रायफ यांना मागे टाकून त्यांनी युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर पुरस्कार पटकावला. असे असताना २००३ मध्ये प्रशिक्षक म्हणून युक्रेनच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी घडवलेला संघ आधी बचाव सांभाळणारा का होता? जाणकारांनी कृपया सांगावे.

मधली_फळी:
मला यात विसंगती वाटत नाही. ब्लोखिन घडले ते डायनॅमो कीव्हचे प्रशिक्षक व्हालेरी लोबानोव्हस्की यांच्या हाताखाली, जिथे आघाडीपटूलाही चेंडू हिसकावण्यासाठी मागे धावावे लागे आणि गोल हा साऱ्या संघाच्या हालचालीचा शेवटचा टप्पा मानला जाई. त्यांचा वेग आपल्या लक्षात राहतो, पण त्या वेगाला मोकळी जागा मिळे ती प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ दिल्यामुळेच. प्रशिक्षक म्हणून त्यांनी तेच केले: मागे शिस्त आणि पुढे आघाडीपटू आंद्रिय शेवचेन्को. तुर्कस्तान, डेन्मार्क आणि २००४ चा युरोपीय विजेता ग्रीस ज्या गटात होते, त्यात युक्रेन पहिला आला आणि प्रथमच विश्वचषकासाठी पात्र ठरला. इस्तंबूलमध्ये तुर्कस्तानवर मिळवलेला ३-० हा विजय तर प्रतिहल्ल्याचा वस्तुपाठ होता.

शिट्टी_वाजली:
वरील मत बव्हंशी पटते, तथापि खेळाडूंच्या मर्यादाही विचारात घ्यायला हव्यात. जर्मनीतील २००६ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात स्पेनने ४-० असे हरवल्यावर मोकळा खेळ करण्याची चैन या संघाला परवडणारी नव्हती. सौदी अरेबियावर ४-० विजय मिळाला खरा, पण ट्युनिशियाविरुद्ध एकमेव गोल पेनल्टीवर झाला आणि स्वित्झर्लंडविरुद्ध १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. (तो सामना रटाळ होता, हे युक्रेनच्या चाहत्यांनीही मान्य करावे.) शूटआउटमध्ये शेवचेन्कोची पहिलीच पेनल्टी अडवली गेली, तरी स्वित्झर्लंडला एकही पेनल्टी साधता न आल्याने युक्रेन उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथे इटलीने ३-० असे हरवले.

डावी_बगल:
दोघांचेही आभार. मग २०११ मधील त्यांच्या दुसऱ्या कार्यकाळाकडे कसे पाहावे?

मधली_फळी:
तो फिकाच म्हणावा लागेल. युरो २०१२ या युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेत शेवचेन्कोच्या दोन गोलांनी स्वीडनवर २-१ असा विजय मिळाला, मात्र पुढे फ्रान्स आणि इंग्लंड यांच्याकडून हार पत्करून यजमान संघ गटातच बाद झाला. इंग्लंडविरुद्ध मार्को देविचचा फटका रेषा ओलांडूनही गोल दिला गेला नाही, हे खरे; पण त्याच चालीत युक्रेनचा एक खेळाडू ऑफसाइड (बचावफळीच्या पुढे, नियमबाह्य जागी) होता, हेही पंचांच्या नजरेतून सुटले होते. त्यामुळे त्या एका निर्णयावर सगळे खापर फोडता येत नाही. खरी अडचण अशी होती की गोलांसाठी ब्लोखिन तेव्हाही पस्तिशी गाठलेल्या शेवचेन्कोवरच विसंबून होते. पुढे शेवचेन्को स्वतः प्रशिक्षक झाला, तेव्हा त्याने चेंडू ताब्यात ठेवणारा खेळ रुजवला आणि २०२१ मध्ये युरो स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठली.