ओठ रंगवणं ही साहेबाची देणगी? मला नामंजूर

करवीरकन्या: परवा कोल्हापुरात राजारामपुरीत एका व्याख्यानात वक्ते ठासून म्हणाले, "लिपस्टिक हे साहेबाचं खूळ, आपल्या बायकांना कुंकू पुरत होतं." टाळ्याही पडल्या. मला हे साफ नामंजूर आहे. कामसूत्रातला नागरक, म्हणजे शहरातला शौकीन, सकाळी दात घासतो, उटी लावतो, ओठांना अळता आणि मेण लावून आरशात बघतो. आणि हा नागरक पुरुष, बरं का! कामसूत्राचा अर्थ उलगडणाऱ्या जयमंगला या टीकेत तर कृतीच दिलीय: अळत्याची ओलसर गोळी ओठांवर घासायची, विडा खायचा आणि वरून मेणाची गोळी टिपायची. आधी रंग, मग तो धरून ठेवायला मेण. आजच्या कांडीतही मुख्य माल हाच.

गंगावेशकर: ताई, नाही पटलं. तो नागरक खाऊनपिऊन सुखी. शिरोळ-कागलात भांगलण करणाऱ्या बाईच्या वाट्याला ती मेणाची गोळी कधी आली? आणि जुनेपणच मोजायचं तर तुरीनच्या संग्रहालयात सुमारे ३,१०० वर्षांपूर्वीचा इजिप्तचा पपायरस, म्हणजे लव्हाळ्याचा कागद आहे, त्यावर एक बाई आरसा धरून ओठ रंगवतेय. मग लिपस्टिक इजिप्तची म्हणायची का? लिपस्टिक ही कारखान्यातली वस्तू. १८७० च्या सुमारास पॅरिसच्या गेर्लां या अत्तरांच्या कंपनीने कांडी विकायला काढली. १९२३ मध्ये नॅशव्हिलच्या जेम्स ब्रूस मेसनने फिरवून वर येणाऱ्या नळीचं पेटंट घेतलं. बोट न माखता, पर्समधून काढून कुठंही लावता येऊ लागली, तेव्हा कुठं ती साध्या बाईच्या हातात आली. टाटांनी लॅक्मे काढली ती तर १९५२ ला. वक्त्यांना एवढंच म्हणायचं असणार.

करवीरकन्या: नाही ओ, मी पुढच्याच रांगेत होते. नळीबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत, बायकांच्या वळणाबद्दल बोलले. नळी परदेशी, मान्य. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळात साहेबाच्या स्वतःच्या घरात रंगवलेले ओठ नटीचे नाहीतर वेश्येचे समजले जात. साहेबाकडून काही घेतलंच असेल तर हे नाक मुरडणं घेतलं, आणि आता तेच संस्कृती म्हणून मुलींना ऐकवतो. याची चीड येते मला.

खासबागवाला: दोघांनीही आपलं गाव विसरलंच की! आपले गायक-नट केशवराव भोसले स्त्री-भूमिकेत रंगमंचावर आले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. रंगवलेला पुरुष चालला. १९२० ला इथल्याच बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री' या मूकपटात बायका पडद्यावर आल्या. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, भडक ओठ पडद्यावर काळेठिक्कर उमटत. त्यामुळं रंग जपूनच लावावा लागे.

शाहूपुरीकर: आमच्या जैन घरात प्रश्न निराळाच. हा लाल रंग येतो कशातून? कार्माइन म्हणजे मेक्सिको-पेरूकडच्या निवडुंगावरचे किडे वाळवून काढलेला रंग. महाद्वार रोडला घेताना मी वेष्टनावर कार्माइनचा क्रमांक 'सीआय ७५४७०' शोधते. दिसला की परत ठेवते. आणि करवीरकन्याताई, अळता लाखेचा, लाखही किड्याचीच. तेव्हा जुनं आणि आपलं म्हणून आम्ही ओठाला लावू, असं नाही.