परदेशात शिकताना केलेली शनिवार-रविवारची भटकंती आणि तिकडच्या दोस्ताला दाखवलेलं आपलं ठाणं: अनुभव सांगा

नौपाडा, ठाणे

मीच सुरुवात करते. जर्मनीत आखेनला एमएस करत होते तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी खोलीवर दोघी वाट बघत असायच्या, धुण्याची बादली आणि माझी व्हिएतनामी शेजारीण. बादली रविवारपर्यंत थांबायची. शेजारीण थांबायची नाही.

सेमिस्टरच्या तिकिटावर अख्ख्या राज्यात फुकट फिरता यायचं. (फुकट म्हणजे फीमध्ये आधीच कापलेलं. पण कापलेलं दिसत नाही ना!) रविवारी तिकडे दुकानं बंद, म्हणून शनिवारी सकाळीच दूध-ब्रेड आणून ठेवायचा आणि फॉइलमध्ये पोळीचे रोल गुंडाळून निघायचं. पहिली मोठी सहल कोलोनची. स्टेशनातून बाहेर पडलं की डोक्यावरच येतं ते कथीड्रल. मनोऱ्याला 533 पायऱ्या, गोल गोल अरुंद जिना. उतरणारे अंग चोरून भिंतीला चिकटतात तेव्हा चढणाऱ्याला वाट मिळते. शेजारीण घाबरली. मी ठाणे स्टेशनच्या पुलावर लहानाची मोठी झालेली, मला त्याचं काय! काम 1248 मध्ये सुरू झालं आणि 1880 मध्ये संपलं हे वाचल्यावर मात्र घोडबंदर रोडबद्दल एकदम माया दाटून आली.

मग एका जानेवारीत ती आमच्याकडे आली. आईने यादी केली होती: कोपिनेश्वर, उपवन, येऊर, राम मारुती रोडवर खरेदी. तिला आधी हवं होतं स्टेशन. मीच आखेनला फुशारकी मारली होती ना, की देशातली पहिली प्रवासी गाडी आमच्या गावाला आली, 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे 34 किलोमीटर, साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं, 14 डबे आणि 400 माणसं. आम्ही फलाटावर उभ्या होतो, समोर लेडीज डबा. तो निरखून ती म्हणाली, "400? या एकाच डब्यात?"

चढलो. तिघींच्या बाकावर चौथी बसते हे तिला समजावत होते, तोवर खिडकीपासून "सरका हो, सरका" असा निरोप आला, तिघी इंचाइंचाने हलल्या आणि ही बाकाच्या टोकाला अर्धी टेकली. भांडुपपर्यंत एक पाय हवेत. पण चेहरा असा, जणू तिला नागरिकत्वच मिळालं. परत गेल्यावर आखेनच्या बसमध्ये मला कोपराने ढोसून म्हणते, "सरका!" उच्चार अगदी डोंबिवली फास्टचा.

आता तुमचं सांगा. तिकडचं सांगा नाहीतर इकडचं, दोन्ही चालेल.

ऐरोली

आमचे चिरंजीव ग्लासगोला होते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचा एक स्कॉटिश मित्र चार दिवस घरी राहिला. पोरगं शांत, गळ्यात कायम दुर्बीण. पोहे चमच्याने एकेक शेंगदाणा वेचून खायचा.

मी 1996 पासून ऐरोलीत. फ्लेमिंगो हे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतात एवढंच मला माहीत. या मुलाने मात्र येण्याआधीच सगळं वाचलेलं. ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, हे मला माझ्याच घरात पाहुण्याकडून कळलं. शनिवारी वनविभागाच्या केंद्रावरून बोटीने निघालो. वेळ भरती-ओहोटी बघून देतात, आपल्या सोयीने नाही. चिरंजीवांनी ते न बघता मित्राला तासभर आधीच आणून उभं केलं होतं. तासभर चिखल बघितला. खाडीचा वास तर विचारू नका.

पण बोट पुढे गेली आणि त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. म्हणाला, चोच बघा. मोठा रोहित, म्हणजे मोठा फ्लेमिंगो असतो त्याची चोच गुलाबी, फक्त टोक काळं. धाकटा असतो त्याची सबंध चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. मी दहा मिनिटं नुसत्या चोचीच बघत होतो. मधे काही मळकट करडे पक्षी होते, मला वाटलं आजारी असतील. ती पिल्लं. जन्मतः राखाडीच असतात, शेवाळं खाऊन खाऊन रंग चढतो. चोच उलटी करून, डोकं पाण्यात घालून गाळून खातात. घरी येऊन हिला हे सगळं सांगितलं, तर ही म्हणाली, "पालक खा म्हणून मी तीस वर्षं सांगतेय, तेव्हा नाही पटलं."

खारघर

छोटासा अनुभव. मेलबर्नला असताना मी आणि पंजाबी रूममेट भाड्याची गाडी काढून ग्रेट ओशन रोडला गेलो. 'ट्वेल्व्ह अपॉसल्स' म्हणजे समुद्रातले बारा सुळके. मोजले, आठ. परत मोजले, आठच. रूममेटला वाटलं पार्किंगची जागा चुकली. मग फलकावर वाचलं की बारा कधीच नव्हते, होते नऊ, त्यातला एक 2005 मध्ये कोसळला. त्याचे शब्द इथे लिहिता येणार नाहीत.

सीबीडी बेलापूर

मी आर्किटेक्ट. मास्टर्सला नेदरलँड्समध्ये होते. तिथली मेक्सिकोची वर्गमैत्रीण मुंबईत आली ती मुळी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघायला. माझं बालपण तिथून सायकलने दहा मिनिटांवर गेलं. आम्ही तिथे एका बाईंकडे गाण्याच्या क्लासला जायचो. ही वसाहत आखणारे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया वगैरे कुणाच्या गावी नव्हतं, कौलारू घरं आणि गारवा एवढंच ठाऊक.

तिने रस्त्यातच खडूने आकृती काढून दाखवली. मधे आठ बाय आठ मीटरचं अंगण, भोवती सात घरं, असे तीन पुंजके मिळून मोठं अंगण. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, का, तर ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपलं घर शेजाऱ्याला न विचारता वाढवावं. आणि लोकांनी वाढवलंच! कौलं गेली, स्लॅब आले, काही ठिकाणी तीन मजले, स्टीलचे कठडे, गुलाबी टाइल्स. मला शरम वाटायला लागली, की हिने फोटोत पाहिलेलं सगळं आपण पुसून टाकलं. ती उलट खूश. म्हणाली, हेच तर अपेक्षित होतं ना? मला अजून पटलेलं नाही. त्या टाइल्स वाईटच आहेत.

एव्हाना एक आजी गॅलरीतून, "कोण पाहिजे?" कुणीच नको, घर बघतोय म्हटल्यावर खाली आल्या. चहा झाला. मैत्रिणीने घर किती वेळा वाढवलं विचारलं, तर आजींनी भिंतीवर हात ठेवत सांगितलं: हे मोठ्याच्या लग्नात, हे धाकट्याच्या, हा जिना सून नोकरीला लागली तेव्हा. मैत्रीण वहीत तारखा टाकत होती, आजी सुनेबद्दल बरंच काही सांगत होत्या. ते मी भाषांतर केलं नाही.

वसंत विहार, ठाणे

मुलगी डब्लिनला. तिची भटकंतीची मैत्रीण कळव्याची. इथे मधे एका स्टेशनाचं अंतर, पण ओळख तिकडे किराणा दुकानात, दोघींनी एकाच तूरडाळीच्या पाकिटाला हात घातला म्हणून. दोघी मोहरच्या कड्यांवर गेल्या होत्या. 214 मीटर उंच, खाली अटलांटिक. व्हिडिओ कॉल केला तर नुसतं फरफर फरफर. मी ओरडतेय "मागे हो", ती ओरडतेय "आई, ऐकू येत नाही". शेवटी कळव्याच्या पोरीने फोन घेतला आणि म्हणाली, "काकू, मी तिची सॅक धरलीये." आता त्या पोरीच्या आईला मी दर गुरुवारी फोन करते.

कोपरी

सगळे अनुभव मस्त. भाचा मेच्या मध्यावर येतोय, बरोबर जपानी मित्र. हातात फक्त शनिवार-रविवार. फ्लेमिंगो असतील का? आणि मिसळ झेपेल का त्याला?

ऐरोली

साधारण मेअखेरपर्यंत असतात. आधी भरतीची वेळ बघा, मग बुकिंग करा, आमच्या चिरंजीवांसारखं उलटं नको. टोपी आणि पाणी न्या.

नौपाडा, ठाणे

मिसळीला ठाण्यात मामलेदारला न्या, पण तिखटाला मीडियमच सांगा. पावही सुरुवातीलाच जास्तीचे मागवून ठेवा. खुर्चीमागे नंबर लावून उभी असलेली माणसं तुमच्या ताटात किती रस्सा उरलाय ते बघत असतात.