क्षयाच्या लशी उंदरावर पास, माणसावर नापास. मग उंदराला परीक्षक ठेवायचं कशाला?

काळा खडू (धागाकर्ता)

धागा काढायचं निमित्त असं, की २०२४ मध्ये आपल्याकडे काही जिल्ह्यांत प्रौढांना बीसीजी टोचायला सुरुवात झाली. साठीच्या पुढचे, मधुमेही, बिडी-सिगारेटवाले, घरात क्षयरुग्ण असलेले, अशांना. म्हणजे १९२१ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा एका बाळाला दिलेली लस शंभर वर्षांनी आपण मोठ्यांवर पुन्हा आजमावतोय, कारण दुसरी हाताशीच नाही. २०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला, साडेबारा लाख दगावले. रुग्णांपैकी दर चौथा माणूस भारतातला.

इतका उशीर का? माझ्या मते चाळणीच फाटकी आहे. रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत जाहीर केलं, की गिनीपिगमधला क्षय थांबवणारा पदार्थ सापडला. ट्युबरक्युलिन. रुग्णांची बर्लिनला रीघ लागली. बरं फारसं कोणी झालं नाही, काही मात्र मेले. आता अलीकडचं बघा. ऑक्सफर्डची एमव्हीए८५ए ही लस उंदीर, गिनीपिग वगैरे पायऱ्या चढून दक्षिण आफ्रिकेतल्या २,७९७ बालकांपर्यंत पोचली. २०१३ मध्ये निकाल आला: लस दिलेल्या गटात ३२ बाळांना क्षय, न दिलेल्या गटात ३९. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक शून्यच.

म्हणून माझी मागणी. प्राण्यांवर सुरक्षितता तपासा, त्याला ना नाही. पण ‘उंदरात संरक्षण दिसलं पाहिजे’ ही पुढे जायची अट काढून टाका आणि तो पैसा छोट्या मानवी चाचण्यांकडे वळवा. जाणकारांनी हाणावं.

पेट्रीडिश: साफ असहमत

खडूशेठ, उंदरात ‘पास’ म्हणजे काय ते आधी सांगते. बाहेरच्यांना वाटतं, लस दिलेला उंदीर ठणठणीत आणि न दिलेला मेला. तसं काही नसतं.

मी काही वर्षं अशा प्रयोगशाळेत काम केलंय (नाव नको). लस टोचायची, सहा-आठ आठवडे थांबायचं. मग उंदरांना फवाऱ्याच्या पेटीत ठेवून जिवंत जंतूंचं धुकं सोडायचं, प्रत्येकाच्या फुफ्फुसात पन्नास ते शंभर जंतू जातील इतपत. दुसऱ्या दिवशी दोन-तीन उंदीर मारून खरंच तेवढे गेले का ते बघायचं. महिन्याभराने बाकीच्यांची फुफ्फुसं काढायची, वाटायची, दहा-दहा पटींनी पातळ करत अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) बशीत पसरायची. त्यानंतर तीन आठवडे नुसती वाट बघायची, कारण हा जंतू दुप्पट व्हायलाच वीसेक तास घेतो. शेवटी दोन-दोन हातमोजे आणि मास्क चढवून त्या खरबरीत, पिवळट कॉलन्या (जंतू वाढून झालेले ठिपके) एकेक करून मोजायच्या. मान मोडून येते.

आकडा काय निघतो? लस न दिलेल्या उंदरात साधारण दहा लाख जंतू, बीसीजी दिलेल्यात एक लाख. बस्स, हाच बीसीजीचा पराक्रम. एक लाख जंतू छातीत घेऊन उंदीर खुशाल दाणे खात असतो. नव्या लशीने त्या लाखाचे तीस हजार केले तर आमच्याकडे पेढे वाटले जायचे.

आपण उंदराला विचारतो ‘जंतू किती उरले’, आणि त्याचं उत्तर वाचतो ‘रोग टळला’ असं. यात त्याचा काय गुन्हा?

आणि छोट्या मानवी चाचण्या फसवत नाहीत असं कोणी सांगितलं? २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ९९० किशोरवयीन मुलांच्या चाचणीत बीसीजी पुन्हा टोचल्यावर टिकून राहणारा संसर्ग ४५ टक्क्यांनी कमी दिसला. सगळे हुरळले. त्याच प्रश्नावर अठराशे मुलांची चाचणी घेतली, तर २०२५ मध्ये निकाल: फायदा नाही. हे दोन्ही निकाल माणसांवरचेच होते, उंदरावर ढकलायची सोय नाही.

काळा खडू: हे तर माझंच म्हणणं झालं!

लाखाचे तीस हजार होणं आणि माणसाचा क्षय टळणं यांचा संबंध काय, हेच तर मी विचारतोय. तुमच्या नेहमीच्या काळ्या उंदराच्या फुफ्फुसात माणसासारखी मधोमध सडून चीजसारखी होणारी गाठ बनतच नाही. तो खोकत नाही, दुसऱ्या उंदराला रोग देत नाही. जंतू शिरलेल्या माणसांपैकी आयुष्यभरात पाच-दहा टक्केच आजारी पडतात, बाकीचे त्याला दाबून ठेवतात. उंदीर? सगळेच्या सगळे कायमचे रोगी. जो प्राणी हा रोग माणसासारखा भोगतच नाही, त्याला माणसाच्या लशीचे मार्क द्यायला का बसवायचं?

पेट्रीडिश

म्हणूनच उंदीर बदलले जातायत. गाठी सडतात अशी उंदरांची जात वापरात आहे. सिएटलच्या एका गटाने तर शंभराऐवजी एक ते तीन जंतूच फुफ्फुसात जातील असा प्रयोग बसवला. माणसाच्या बाबतीतही सुरुवात इतक्याच जंतूंनी होत असणार. तसं केल्यावर बीसीजी दिलेल्या काही उंदरांत जंतू सापडलेच नाहीत किंवा एकाच फुफ्फुसात राहिले. परीक्षेचा पेपर चुकीचा होता, तो आता सुधारतोय. अशा वेळी परीक्षाच रद्द करायची?

तिरफळ: एमव्हीए८५एची अर्धीच गोष्ट सांगितलीत

खडूभाऊ, माकडं राहिली. बाळांची चाचणी सुरू होण्याआधी इंग्लंडमध्ये पोर्टन डाउनला माकडांवर एक प्रयोग झाला होता. त्यात आधी बीसीजी आणि वर ही नवी लस दिलेल्या सहापैकी पाच माकडं इतकी आजारी पडली की त्यांना मारावं लागलं. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने हे प्रकरण शोधून छापलं. प्रश्न एवढाच होता, की हा निकाल परवानगी देणाऱ्यांपर्यंत आणि पालकांच्या माहितीपत्रकापर्यंत वेळेवर, धडपणे पोचला का. संशोधकांचं म्हणणं, तो प्रयोग लस जोखायला नव्हताच, माकडांना संसर्ग देण्याची पद्धत तपासायला होता. विद्यापीठाच्या चौकशीतही गैरवर्तन आढळलं नाही.

असेल. पण उंदरांचे आकडे लशीच्या बाजूने पडले की तो ‘पुरावा’, आणि माकडांचे विरुद्ध गेले की तो ‘पद्धत तपासायचा प्रयोग’? इथे प्राण्याने सांगायचं ते सांगितलं होतं, ऐकणाऱ्याने सोयीचं तेवढं ऐकलं. तुमची अट काढायची मागणी मान्य झाली तर पुढच्या वेळी ऐकायलाही काही उरणार नाही.

अरण्यक

दोन्ही पार्ट्या एका गोष्टीवर एकमत दिसतायत: प्राणी मारायचे ते मारायचेच. मार्च २०२३ मध्ये आपल्या केंद्र सरकारने औषधचाचण्यांचे नियम बदलून प्राण्यांऐवजी चिपवरचे अवयव (छोट्या पट्टीवर पेशी वाढवून केलेली अवयवाची नक्कल), मानवी पेशी वगैरे पद्धतींना वाट मोकळी केली. अमेरिकेने २०२२ च्या डिसेंबरात असाच कायदा केला. चिपवरच्या फुफ्फुसात क्षयाचा जंतू घालून प्रयोग झालेत. तरी इथे सगळे बशीतल्या कॉलन्या मोजण्यात रमलेत.

पेट्रीडिश

अरण्यकजी, औषधासाठी चिप उपयोगी आहे, मीही तिच्या बाजूने आहे. लशीचं गणित मात्र वेगळं. लस टोचतात दंडात, पेशी तयार होतात काखेतल्या लसिकाग्रंथीत, आणि लढायचं असतं फुफ्फुसात. क्षयाचा जंतू तर ग्रंथीपर्यंत खबर जाऊच देत नाही, उंदरात पहिले आठ-दहा दिवस शरीराला पत्ताच नसतो. ही सगळी धावपळ चिपवर कुठून आणणार?

अरण्यक

आज नाही आणणार, कारण पैसा सगळा पिंजऱ्यांवर जातोय.

नाना घोडपदेव

एवढं सगळं वाचून मी साठीच्या पुढचा गृहस्थ अजून तिथेच. बीसीजी घेऊ की नको?

तिरफळ

नाना, हे इथल्या कोणाला विचारू नका, आरोग्य केंद्रात विचारा. एवढंच सांगतो, बाळांमधला मेंदूज्वराचा क्षय बीसीजी चांगला रोखते, त्याबद्दल वाद नाही. मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या क्षयाचं अवघड आहे. मद्रासजवळ चिंगलपेटला १९६८ पासून सुमारे २ लाख ६० हजार लोकांवर चाचणी झाली, निकाल संरक्षण जवळजवळ शून्य. त्याआधी हीच लस ब्रिटनच्या शाळकरी मुलांत पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त चालली होती! खडूभाऊ, यात उंदीर कुठे आला? तिकडे माणूस, इकडे माणूस, आणि उत्तरं दोन टोकांची.

डाळभात: उंदीर जाऊ द्या, ताटात बघा

तिरफळ, त्याचं एक कारण सांगतात ते मातीपाण्यातले क्षयाचे चुलत जंतू. आपल्याकडे पोर लहानपणापासून ते अंगावर घेतं, मग लशीला नवं शिकवायला फार काही उरत नाही. प्रयोगशाळेतला उंदीर निर्जंतुक पिंजऱ्यात, तोलून मापून दिलेला खुराक खात वाढतो. आपला रुग्ण असा असतो का? शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाच्या ओपीडीत एक सकाळ बसा, हाडांचे सापळे दिसतील.

झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दहा हजारांवर माणसं होती त्या चाचणीत. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला: घरच्यांमधला क्षय ३९ टक्क्यांनी घटला, संसर्ग पसरवणारा तर ४८ टक्क्यांनी. एम७२ या सर्वांत आशेच्या लशीचा आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास आहे. शिधा आणि लस जवळपास बरोबरीत! आणि डाळीला चाचण्यांच्या कुठल्याच फेजमधून (टप्प्यातून) जावं लागत नाही.

पेट्रीडिश

डाळभात, शिध्याला १००% पाठिंबा, पण ही बरोबरी गैर आहे. तिकडचे लोक कुपोषित घरांतले. एम७२ च्या चाचणीतली माणसं केनिया, झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेतली, आधीच संसर्ग झालेली. तिथे तीन वर्षांत लस घेतलेल्यांत १३ रुग्ण, न घेतलेल्यांत २६. मुंबईत बीएमडब्ल्यूतून फिरणाऱ्यालाही क्षय होतो, त्याला तूरडाळ काय करणार?

काळा खडू

बरं झालं एम७२ काढलंत. तो पन्नास टक्क्यांचा आकडा २०१८ मध्ये कळला. तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू कधी झाली? मार्च २०२४! लस बनवणाऱ्या कंपनीने मध्येच ती गेट्स फाउंडेशनच्या संस्थेकडे सोपवली, मग पैसे जमले, मग वीस हजार लोकांची आखणी. आफ्रिकेतले देश आहेत, इंडोनेशिया-व्हिएतनाम आहेत, भारत नाही. दर चौथा रुग्ण आपला, आणि आपल्या माणसात ही लस चालते का ते इथे तपासलंच जाणार नाही. चिंगलपेटने हाच धडा दिला होता ना? म्हणून म्हणतो, मर्यादित पैसा उंदरांच्या नव्या जाती शोधण्यात घालवू नका.

तिरफळ

भारतात चाचण्याच नाहीत असं नाही. इम्युव्हॅक आणि पुण्याच्या सीरमची व्हीपीएम१००२ या दोन लशींची २०१९ पासून महाराष्ट्रासह सहा राज्यांत रुग्णांच्या घरच्या बारा हजार लोकांवर चाचणी झाली. स्पेनची एमटीबीव्हॅक भारत बायोटेकने २०२४ मध्ये इथे चाचणीत आणली. पण पैसा फेज थ्रीला कमी पडतो, उंदरावर उधळला जातो म्हणून नव्हे. उंदराचा खर्च त्यापुढे चिल्लर आहे.

काळा खडू

चिल्लर असली तरी किल्ली त्याच्याच हातात आहे ना? उंदरात नापास झालेल्या किती लशी माणसात चालल्या असत्या, हे आपल्याला कधीच कळणार नाही. त्या फाइली कपाटात पडून आहेत. मानवी चाचण्यांची आधी नोंदणी करणं आपल्याकडे २००९ पासून सक्तीचं आहे. प्राण्यांच्या चाचण्यांना का नाही? आधी नोंदवा काय शोधताय, मग निकाल चांगला येवो की वाईट, जाहीर करा. अट काढायची माझी मागणी कायम आहे, पण निदान हे तरी होऊ द्या.

पेट्रीडिश

नोंदणीला माझं एक मत धरा. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये तशा नोंदण्या आहेत, ऐच्छिक. सक्ती केली तर माकडांसारखं प्रकरण दाबणं अवघड जाईल. उंदीर मात्र मी सोडणार नाही.

अरण्यक

त्या नोंदणीत प्रत्येक प्रयोगात किती मारले तो रकाना ठेवा. तो रिकामा असेल तर अर्ज परत.