मदत हवी आहे: हेडर फिरतंय, पण ज्वारी कापत नाही

होटगी_रोड
फार्मिंग सिम्युलेटर या शेतीच्या गेममध्ये नवीन हेडर (हार्वेस्टरच्या पुढं लावायचा कापणीचा भाग) टाकलंय. हार्वेस्टरला जोडलं जातं, उघडतं, खाली येतं, रीळ फिरतं. पण ज्वारीत घातलं की काहीच होत नाही. धाटं हेडरमधून आरपार जातात आणि मागं तशीच उभी राहतात. टाकी शून्य टक्के. दोन दिवस झाले हेच करलालोय, डोकं फिरलालंय. हेडर विकून परत घेतलं, गेमसुद्धा काढून परत टाकला. गेममधला सप्टेंबर संपत आलाय, पीक वाळून जायच्या आत काढायचंय. माहीत असेल त्यांनी लगेच सांगा.

सातरस्ता
गेमची आवृत्ती २२ आहे की २५? कॉम्प्युटर की प्लेस्टेशन? हेडर कुठलं, किती रुंद, कुठून घेतलं? एवढं कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

होटगी_रोड
२२. कॉम्प्युटर. हेडर ३५ फुटी. गेमच्या अधिकृत मॉडहबवर (खेळाडूंनी बनवलेली जोडसामग्री, म्हणजे मॉड, मिळते तिथं) नव्हतं, दुसऱ्या एका साइटवरून घेतलं.

फक्त_मॉडहब
मग उत्तर तुम्हीच दिलंत. बाहेरच्या साइटवरची मॉड घ्यायचीच कशाला? मॉडहबवर येणारी मॉड तपासून येते. ते हेडर काढा आणि मॉडहबवरचं एखादं घ्या, पाच मिनिटांत काम होईल. गेम परत टाकून उपयोग होत नाही, कारण मॉडचं फोल्डर डॉक्युमेंट्समध्ये असतं, ते गेम काढला तरी तसंच राहतं.

सातरस्ता
फोल्डरचं बरोबर आहे. पण हेडर बदला हे उत्तर नव्हे, त्याला हेच हेडर चालवायचंय.

होटगी_रोड, आधी साध्या गोष्टी बघ. नकाशात पिकांच्या अवस्थेचा रंग बघ, ज्वारी 'काढणीस तयार' दाखवतेय का? वाढीच्या अवस्थेत असेल तर कुठलंच हेडर कापणार नाही. टाकीत आधीचा गहू किंवा सोयाबीन शिल्लक आहे का? एका टाकीत दोन धान्यं बसत नाहीत, म्हणून आधीचा माल असला की दुसरं पीक कापलं जात नाही. आणि शेत तुझ्या मालकीचं आहे ना?

मालदांडी_३५१
मुळात ज्वारी हेडरनं काढायचं पीकच नाही. आपल्या मंगळवेढ्याकडं रब्बीची ज्वारी मुळासकट उपटतात, पेंढ्या बांधून सुकवतात, मग कणसं खुडून हडंब्यावर, म्हणजे मळणीयंत्रावर, मळतात. असं करायचं कारण कडबा. माणसाला धान्य आणि जनावराला वैरण, दोन्ही एकाच धाटावर मिळतं. हार्वेस्टर घातला की धाट चिरडतं आणि वैरण हातची जाते. गेममध्ये हेडरमागं कडब्याची ओळ पडते का, हे आधी सांगा.

सातरस्ता
काका, नाही पडत. २२ मध्ये पेंढा गहू, बार्ली आणि ओट या तिघांचाच. ज्वारीला फक्त धान्य. पेंढ्याची ओळ पाडण्याची सोय हार्वेस्टरवर चालू ठेवली तरी ज्वारीमागं काही पडत नाही. जनावरं असतील तर पेंढ्यासाठी एक तुकडा गव्हाचा किंवा बार्लीचा ठेवावाच लागतो. ज्वारीचं धान्य मात्र कोंबड्यांना आणि घोड्यांना चालतं.

मालदांडी_३५१
कडबाच नसेल तर ते पीक ज्वारी कसलं? पेरणी तरी रब्बीत होते का?

सातरस्ता
मूळ नकाशांवर पेरणी एप्रिल-मे, काढणी ऑगस्ट-सप्टेंबर. अमेरिकेत करतात त्या पद्धतीची, बुटक्या ताटाची ज्वारी धरलीय, म्हणून साध्या धान्याच्या हेडरनं कापता येते. मक्याचं हेडर लागत नाही. यावर वेगळा धागा काढा काका, इथं त्याचं काम अडलंय.

होटगी_रोड
पीक तयार आहे, नकाशात दिसतंय. शेत माझंच. टाकी रिकामी. आणि याच हेडरनं शेजारचा गहू व्यवस्थित कापलाय, मग हेडर खराब कसं असेल?

चिमणी_गिरण
गहू कापतं हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. धाग्याचं उत्तर त्यातच आहे.

गहू कापला म्हणजे जोड, रीळ, खाली-वर करणं सगळं नीट आहे. कुठलं पीक कापायचं याची यादी प्रत्येक हेडरच्या फाइलमध्ये असते आणि तुझ्या हेडरच्या यादीत ज्वारी नसणार. फाइल न उघडताही हे कळतं. दुकानात जा, हेडर निवड, माहितीच्या पट्टीत पिकांची छोटी चित्रं असतात. ती चित्रं त्या यादीवरूनच येतात. ज्वारीचं कणीस तिथं दिसतंय का?

असं का होतं ते सांगतो. ज्वारी, द्राक्षं आणि ऑलिव्ह ही पिकं गेममध्ये नोव्हेंबर २०२१ ला २२ आला तेव्हा आली. २०१८ च्या १९ मध्ये ज्वारी नव्हती. बरीच हेडरं १९ वरून २२ मध्ये उतरवलेली आहेत. उतरवणारा सांगाडा, रंग, सावल्या सगळं बदलतो आणि पिकांची जुनी यादी तशीच राहते. गेमच्या दृष्टीनं ती चूकच नाही, म्हणून लॉगमध्ये, म्हणजे गेम चुका नोंदवतो त्या फाइलमध्ये, एक ओळसुद्धा येत नाही. हेडर फक्त ज्वारीकडं दुर्लक्ष करतं.

होटगी_रोड
चित्रं बघितली. गहू, बार्ली, ओट, कॅनोला, सोयाबीन. ज्वारी नाही!! आता काय करू?

चिमणी_गिरण
इथं रोमन अक्षरं उमटत नाहीत म्हणून देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये सगळं इंग्रजीतच टाइप कर.

गेम पूर्ण बंद कर. मॉडच्या झिपची एक प्रत डेस्कटॉपवर ठेव. मूळ झिप सेव्हन-झिपमध्ये उघड, पण बाहेर काढू नकोस. आत मॉडडेस्क नावाची एक्सएमएल फाइल दिसेल, तिला हात लावायचा नाही. हेडरच्या नावाची वेगळी एक्सएमएल असेल, तिच्यावर एफ४ दाब. त्यात 'कटर' नावाचा टॅग शोध. त्या टॅगमध्ये 'फ्रूटटाइप्स' असेल आणि पुढं अवतरणचिन्हांत व्हीट, बार्ली अशी नावं, मध्ये फक्त एकेक जागा सोडलेली. शेवटच्या नावापुढं एक जागा सोडून सॉर्घम लिही. स्वल्पविराम नको. सेव्ह करून खिडकी बंद केलीस की झिप अद्ययावत करू का असं विचारेल, हो म्हण. हेडर परत विकत घ्यायची गरज नाही, सेव्ह उघडताना गेम ती फाइल नव्यानं वाचतो.

दुसरा रस्ता म्हणजे 'फ्रूटटाइप्स' काढून त्या जागी 'फ्रूटटाइप कॅटेगरीज' लिहायचं आणि पुढं अवतरणचिन्हांत ग्रेनहेडर, दोन्ही नावं मध्ये जागा न सोडता. मग धान्याच्या हेडरची जी यादी गेममध्ये आहे ती पूर्ण लागू होते, आणि नकाशा बनवणाऱ्यानं त्या यादीत नवं पीक घातलं असेल तर तेही चालतं. मला हाच रस्ता पटतो.

फक्त_मॉडहब
नवख्या माणसाला फाइली उघडायला लावू नका. दुसऱ्याच्या सर्व्हरवर खेळत असेल तर बदललेली मॉड तिथल्या मॉडशी जुळणार नाही आणि तो आतच जाऊ शकणार नाही.

चिमणी_गिरण
सर्व्हरचा मुद्दा खरा आहे. तिथं सगळ्यांकडं हीच बदललेली झिप लागेल. एकटा खेळणाऱ्याला अडचण नाही. आणि हे हेडर मॉडहबवर नाही, त्यामुळे अपडेट येऊन बदल पुसला जाण्याचा धोकाही नाही. एक शब्द वाढवायला कुणाला भ्यायचं कारण नाही, प्रत ठेवलेली आहे.

ट्रॉली_दुपदरी
३५ फुटी हेडर आहे तर हेडरची ट्रॉलीही घ्या. एवढं रुंद हेडर लावून रस्त्यानं गेलात तर पुलाच्या कठड्याला आणि खांबांना अडकतं. ट्रॉली हार्वेस्टरच्या समोर सरळ उभी करायची, हेडर तिच्यावर हळू टेकवायचं, मग सोडायचं. तिरकं टेकवलं तर वळणावर घसरतं.

होटगी_रोड
ट्रॉली आहे, ते विचारलं नाही.

बदल केला. आता मॉडच दिसत नाही!! दुकानातून हेडर गायब.

सातरस्ता
झिपमधलं बाहेर काढून परत झिप केलीस का? आणि नाव काय झालंय बघ. झिपच्या नावात कंसातला एक आलेला असेल, म्हणजे डाउनलोड करताना येतो तसा, तर गेम ती मॉड घेतच नाही. नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अधोरेषा चालते. मोकळी जागा, कंस, मराठी अक्षर, काही नाही. पहिलं अक्षर आकडा नको.

चिमणी_गिरण
आणि मॉडडेस्क झिपच्या अगदी वरच्या पातळीवर हवी. फोल्डर बाहेर काढून त्या फोल्डरचीच झिप केली की झिप, तिच्यात फोल्डर, त्यात मॉडडेस्क असं होतं आणि गेमला ती सापडत नाही. फोल्डरच्या आत जाऊन सगळ्या फाइली निवडायच्या आणि त्यांची झिप करायची. खात्री करायची तर मॉड फोल्डरच्या शेजारीच लॉगची टेक्स्ट फाइल आहे, ती उघडून मॉडचं नाव शोध.

होटगी_रोड
फोल्डरचीच झिप केली होती. आता दुरुस्त केली. हेडर आलं, दुकानात ज्वारीचं चित्रही आलं. पण अजून कापत नाही!! तेच, आरपार.

सातरस्ता
सेव्ह करताना वर्डमध्ये उघडलं होतंस का? वाकडी अवतरणचिन्हं पडली असतील तर फाइल मोडते.

चिमणी_गिरण
फाइल मोडली असती तर दुकानात चित्र आलं नसतं. हेडरचं काम झालंय. हार्वेस्टर कुठला आहे? गेमचा मूळचा की तोही मॉड?

होटगी_रोड
मॉडच आहे. हेडरबरोबर एकाच संचात आला. त्यात काय सांगायचं, दोन्ही एकत्रच घेतात ना.

चिमणी_गिरण
तीच दुसरी कडी. आधी खात्री कर. गेमचा मूळचा एखादा हार्वेस्टर दुकानातून भाड्यानं घे, विकत नको, आणि तुझं हेडर त्याला लाव. ज्वारी कापली तर दोष तुझ्या हार्वेस्टरचा. मग भाड्याचा परत कर.

हार्वेस्टरच्या टाकीलाही यादी असते. त्याच्या एक्सएमएलमध्ये 'फिलयुनिट' शोध. टाकीची ओळ ओळखायला क्षमता बघ, हजारांत लिटर असेल ती टाकी. डिझेलची टाकीही त्याच भागात असते, ती बदलू नकोस. टाकीच्या ओळीत 'फिलटाइप्स' पुढं नावं असतील, तिथंही सॉर्घम जोड. किंवा 'फिलटाइप कॅटेगरीज' लिहून कम्बाइन दे. टाकी जे धान्य घेत नाही ते हेडर कापतच नाही, म्हणून दोन्हीकडची लक्षणं अगदी सारखी दिसतात.

मालदांडी_३५१
एकाच संचात दोन्ही यादीत ज्वारी नाही, म्हणजे बनवणाऱ्यानं २२ मध्ये ज्वारी पेरून बघितलीच नाही. पीक आलं तर शेतात घालून बघायला हवं होतं.

होटगी_रोड
भाड्याच्या हार्वेस्टरवर लगेच कापली. मग माझ्या हार्वेस्टरची फाइल बदलली. टाकी भरायला लागली, ३८ टक्के झाली!! चिमणी_गिरण, सातरस्ता, मनापासून आभार. दोन एकरांचा पट्टा राहिलाय तेवढा आता काढतो.

एकच अडचण. हार्वेस्टर चालू ठेवून बाजूनं धान्याची ट्रॉली लावायला गेलो तर धान्य ओतायची नळी ट्रॉलीपर्यंत पोचत नाही, ट्रॅक्टर हेडरच्या टोकाला धडकतो.

चिमणी_गिरण
हेडर नळीपेक्षा रुंद झालंय. ३५ फुटांचं अर्ध म्हणजे साडेसतरा फूट हार्वेस्टरच्या मध्यापासून बाहेर. नळीचं तोंड त्याच्याही पुढं गेलं तरच ट्रॉली खाली बसते. दुकानात हार्वेस्टरच्या पर्यायांमध्ये लांब नळी आहे का बघ, वर्कशॉपमध्ये नेऊन नंतरही बदलता येते. नसेल तर थांबून ओत, ट्रॅक्टर हेडरच्या मागच्या बाजूनं आण. आणि ट्रॉली कापलेल्या बाजूला ठेव. गेममध्ये पीक तुडवण्याची सेटिंग चालू असेल तर उभ्या ज्वारीतून गेलेली चाकं नुकसान करतात.

ऊस_तोड
ज्वारी झाली असेल तर एक विचारतो. उसाच्या हार्वेस्टरला ट्रॉली बाजूला नसली की तो तोडणं बंद करतो. त्याची टाकी कुठं असते?

सातरस्ता
त्याला टाकीच नसते. पट्ट्यावरून थेट ट्रॉलीत पडतो, ट्रॉली नळीखाली नसली की थांबणारच. बाकीचं नव्या धाग्यात विचार, तिथं नकाशा आणि हार्वेस्टर दोन्हींची नावं लिही.