दातातली विकरं 'मरतात' का?

शब्दवेडी
दंतवैद्यकाच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय. रूट कॅनलमध्ये दाताच्या मुळातली नळी धुवायला वापरतात त्या द्रावणांचा डेंटिनमधल्या (दाताचा आतला कठीण भाग) एंझाइमांवर, म्हणजे विकरांवर, काय परिणाम होतो, हा भाग चाललाय. मी लिहिलं, 'सिंचन द्रावणांमुळे डेंटिनमधील विकरे मरतात.' संपादकांनी 'सिंचन'भोवती गोल काढून शेजारी लिहिलं, 'ठिबक की तुषार?' आणि 'मरतात'खाली दोन रेघा. सुचवा काहीतरी.

दाढदुखी
संपादकांना माझ्याकडून चहा. मी दंतवैद्य आहे. सिंचनाचं पाणी मुरावं म्हणून देतात. आमचं द्रावण घाण घेऊन बाहेर यावं म्हणून. असिस्टंटला मी 'इरिगेट कर' म्हणतो, पेशंटला 'नळी धुऊन घेतो'. पुस्तिकेतही 'धुणे' चालेल. फारच भारदस्त हवं असेल तर 'क्षालन'.

खरी गोम 'मरतात'मध्ये आहे. विकर म्हणजे प्रथिन, जीव नव्हे. मरतात ते जंतू. शिवाय हायपोक्लोराइट, क्लोरहेक्सिडिन आणि ईडीटीए या तिन्ही द्रावणांना एकच क्रियापद लावलंत तर त्यांतला फरकच पुसला जाईल.

डेंटिनमध्ये वजनाने साधारण ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय भाग, बाकी पाणी. सेंद्रिय भागात मुख्यतः कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन, आणि त्यातच दात घडतानाच अडकून राहिलेली एमएमपी (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज) नावाची विकरं, सुप्तावस्थेत. आम्लाने ती जागी होतात आणि उघडं पडलेलं कोलॅजेन कुरतडतात. रूट कॅनलनंतर रेझिनने चिकटवलेल्या पोस्टची (मुळात बसवलेल्या आधाराच्या खुंटीची) पकड काही महिन्यांनी सैल होऊ लागते, त्यामागे हेही एक कारण.

आता द्रावणं बघा. सोडियम हायपोक्लोराइट कोलॅजेन विरघळवतं. विकरांचीही घडी मोडते, ती निकामी होतात. क्लोरहेक्सिडिन (सहसा २ टक्के) काही विरघळवत नाही, विकराला फक्त अडवून ठेवतं. ईडीटीए (१७ टक्के) कॅल्शियम ओढून घेतं, आणि एमएमपींना लागणारं जस्तही. 'मेटॅलो' ते याच जस्तामुळे. जस्त गेलं की विकर थंडावतं. पण गंमत अशी की खनिज काढून तेच द्रावण कोलॅजेन उघडं पाडतं. म्हणजे कवच काढून घ्यायचं आणि कुरतडणाऱ्याचे दातही, एकाच फटक्यात. यासाठी एक शब्द शोधू नका, दोन वाक्यं लिहा.

विरजण
'विकर' पाठ्यपुस्तकातला म्हणून रुळला, पण मला 'वितंचक' आवडतो. संस्कृतात 'आतंचन' म्हणजे दुधाला लावायचं विरजण. चमचाभर टाकलं की भांडंभर दूध बदलतं. तिकडे १८७७च्या सुमारास क्यून या जर्मन शास्त्रज्ञाने 'एंझाइम' घडवला तोही ग्रीक 'खमिरात' या अर्थाचा. दोन्ही शब्द स्वयंपाकघरातूनच आले!

शब्दवेडी
सुंदर आहे, पण 'वितंचक' वाचून पेशंट खुर्चीतून उठून जाईल. विकरच ठेवते. डॉक्टर, हायपोक्लोराइटला नुसतं 'हायपो' लिहू का? मूळ पुस्तिकेत तसंच आहे.

दाढदुखी
बोलताना आम्ही हायपोच म्हणतो, पण छापू नका. जुन्या फोटोग्राफरांचा हायपो वेगळा, तो सोडियम थायोसल्फेट. त्यातून फोटोवाला हायपो आमचा हायपो निष्प्रभ करतो! हायपोक्लोराइटने धुतल्यावर दातात ऑक्सिजन उरतो आणि रेझिन नीट घट्ट होत नाही. त्यावर उतारा म्हणून थायोसल्फेट वापरून पाहिलं गेलंय. दोन्हींना एकच नाव दिलंत तर ते वाक्य कुणालाच कळणार नाही.

आणि जमल्यास एक ओळ घाला: हायपोक्लोराइटनंतर मध्ये न धुता क्लोरहेक्सिडिन सोडू नये, तपकिरी साका धरतो.

विरजण
'साका' छान. 'अवक्षेप'पेक्षा कितीतरी बरा. आणि फाईलने (सुईसारख्या बारीक कानशीने) घासल्यावर नळीच्या भिंतीवर बसतो त्या 'स्मिअर लेयर'ला काय म्हणणार?

दाढदुखी
लेप. पेशंटला विचाराल तर तो 'राप' म्हणेल, पण राप वर्षानुवर्षं चढतो, हा पाच मिनिटांत.

शब्दवेडी
मग असं: 'नळी धुण्याच्या द्रावणांपैकी हायपोक्लोराइट डेंटिनमधील विकरे निकामी करते, क्लोरहेक्सिडिन त्यांना अडवून ठेवते. ईडीटीए लेप काढते आणि जस्त ओढून घेऊन विकरांना थंडावते. मात्र त्याच वेळी कोलॅजेन उघडे पडते.'

दाढदुखी
'थंडावते' नको, 'थंड करते'. थंडावायचं ते विकरांनी. बाकी पाठवा.